वरपक्ष, वधूपक्ष आणि विमलकाकू

विमलकाकूंनी मला पहिल्या भेटीत नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. फाटकाच्या आतून त्या नुसत्या ओरडल्या, "हात पसरव वं! पळू नको! हात पसरव!"

मी पळण्याच्याच बेतात होते. मौद्याच्या शाळेत नवी नोकरी लागली होती आणि कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांच्याकडे भाड्याची खोली बघायला आले होते. फाटक उघडून दोन पावलं टाकली तोच एक भलामोठा पांढरा पक्षी मान जमिनीलगत लांब करून, फुसफुसत माझ्या अंगावर धावून आला. पुस्तकातला राजहंस मोती वेचतो म्हणतात. हा माझी सलवार वेचायला निघाला होता.

"रोटी लांबवाले पसरवते नं, तसे पसरव!" काकू पुन्हा ओरडल्या.

मी जन्मात कधी रोटी लांबवली नव्हती. माझी साधी पोळी सुद्धा नकाशासारखी होते. पण जीव वाचवायचा म्हणून दोन्ही हात बाजूला ताणले आणि डोळे मिटले. फुसफुस थांबली. डोळे उघडले तर तो पक्षी एका डोळ्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होता. मग त्यानं मान उंच केली आणि पाठ फिरवून सावकाश निघून गेला.

"झालं," काकू म्हणाल्या. "आता ओळखते तो तुले. चहा घेशीन ना?"

चहा घेता घेता गाव विचारलं. मी भिवापूर म्हटलं. त्या दिवसापासून माझं नावच भिवापूर पडलं. "ये वं भिवापूर, बस वं भिवापूर." शाळेत मी मॅडम होते, फाटकाच्या आत भिवापूर. भिवापूरची मिरची प्रसिद्ध, म्हणून भाजीत तिखट जास्त झालं की त्याचा दोषही माझ्या गावाला जायचा, मग भाजी कुणी का केलेली असेना.

काकू बुटक्या, रुंद, सावळ्या. पण लक्षात राहायचे ते त्यांचे हात. कोपरापर्यंत गुळगुळीत, एक केस नाही. जाळावर काम करून करून ते असे झालेले. काकू लग्नांमध्ये मटक्यावरच्या लांब रोट्या करायला जात. आमच्याकडे सावजी रश्श्यासोबत जी पातळ रोटी मिळते, तीच. सैलसर कणीक परातीत आपटून आपटून अशी ताणायची की तिचा गोळा तळहातावरून कोपरापर्यंत आपोआप ओघळतो. मग या हातावरून त्या हातावर झुलवत ती पदराएवढी करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यावर सोडून द्यायची. हे त्या लोकांशी गप्पा मारत, नवरीच्या मामीची निंदा ऐकत, डोळा दुसरीकडे ठेवून करत. वय विचारलं तर म्हणत, "वय नको विचारू, लग्नं विचार. तेही मोजले नाही म्हणा."

इतकी लग्नं पाहिल्यामुळे त्यांना सगळं जगच एक मांडव वाटे. जगात त्यांच्या मते माणसं दोनच प्रकारची. एक वरपक्ष, म्हणजे उशिरा येणारे, आल्याबरोबर रुसणारे आणि पहिल्या पंगतीला बसणारे. दुसरा वधूपक्ष, म्हणजे सकाळपासून धावपळ करणारे आणि सगळ्याला हो म्हणणारे. एसटीचा कंडक्टर वरपक्ष, प्रवासी वधूपक्ष. आमचे मुख्याध्यापक वरपक्ष, आम्ही सगळ्या वधूपक्ष. मी एकदा नळाला पाणी नाही म्हणून जरा आवाज चढवला, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "आज भिवापूर वरपक्षात गेली वाटते."

त्यांच्याकडे बदकं आधीपासून होती. घराच्या मागे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यापलीकडे बोडी, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं लहानसं तळं. बांधीतल्या गोगलगायी आणि किडे बदकं फस्त करायची आणि अंडी द्यायची, म्हणून ती पाळलेली. राजहंसांची जोडी मात्र मी यायच्या थोडेच दिवस आधी एका लग्नातून आली.

कन्हानकडच्या एका मोठ्या लॉनवरचं लग्न होतं. सजावटवाल्यानं प्लॅस्टिकचा कागद अंथरून तळं केलं होतं, त्यात खोटी कमळं आणि दोन खरे राजहंस. नवरदेव-नवरी त्यांच्यामधून चालत स्टेजवर जाणार, फोटो निघणार, असा थाट. पण नेमकं हार घालण्याच्या वेळी नरानं तळं सोडलं आणि नवरदेवाच्या काकांची नवीकोरी पँट मागून धरली. काका पुढे, राजहंस मागे, असे दोघं जेवणाच्या मांडवापर्यंत आले. काकू मटक्याजवळून उठल्या, कणकेनं भरलेले हात पसरून समोर उभ्या राहिल्या आणि तो जागच्या जागी थांबला. लग्न संपल्यावर सजावटवाला हात जोडून म्हणाला, "बाई, तुमचंच ऐकते हे. घेऊन जा." काकूंच्या टेंपोत मटक्यांच्या मधोमध बसून ती जोडी घरी आली.

"वराच्या काकाले चावला म्हणजे तो त्याच्याहून मोठा वरपक्ष," काकूंनी निकाल दिला आणि नराचं नाव ठेवलं इवाई. इवाई म्हणजे व्याही. मादी मग ओघानंच विहीणबाई झाली.

आल्या आल्या इवायानं अंगणातलं सिमेंटचं टाकं ताब्यात घेतलं. बदकं टाक्याभोवती उभी राहून कुरकुरत होती आणि तो मधोमध तरंगत होता. एखादं बदक आत उतरलंच, तर त्याची शेपटी धरून त्याला बाहेर काढी. ज्यानं त्यानं सल्ला दिला की काकू, यांना वेगळं खुराडं करा, बदकं आणि राजहंस एका ठिकाणी नांदत नसतात. काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "दोन मांडव घातले तं लग्न कोणाचं?"

मग दोन-तीन सकाळी त्या ओट्यावर चहाचा कप घेऊन नुसत्या बघत बसल्या. आणि त्यांनी जी व्यवस्था लावली, ती अस्सल लग्नघरातली होती. "वरपक्षाले आधी वाढाचं," त्यांनी मला समजावलं, "पण एका कोपऱ्यात वाढाचं. तो तिकडं मानानं खात राहते नं इकडं आपला मांडव चालत राहते." उजाडलं की राजहंसांना बांधावरच्या गवतात सोडायचं, कारण त्यांचं खरं जेवण गवत. तेवढ्यात बदकांनी टाक्यात अंघोळी उरकायच्या. ऊन वर आलं की बदकं बोडीच्या चिखलात आणि टाकं राजहंसांना मोकळं. संध्याकाळी सगळे एकत्र अंगणात, पण दाण्याची घमेली दोन, दोन टोकांना. झोपायला खोपडं एकच, मधे बांबूची ताटी. एकमेकांना बघता यावं, चावता येऊ नये.

पावसाळा संपेपर्यंत मांडव शांत झाला. इवाई टाक्याच्या काठावर उभा राहून बदकांच्या अंघोळी बघू लागला. मदत करत नसे, पण हाकलतही नसे. काकू म्हणाल्या, "बघ, आता बैठकीत बसला."

पण त्या स्वतः एकदा चांगल्याच चुकल्या. लग्नसराईत उरलेल्या रोट्या घरी यायच्या आणि काकू त्या राजहंसांना घालायच्या. घालायच्या म्हणजे आग्रहानं. "घ्या इवाईबुवा, अजून एक. माह्या हातची आहे. नाही म्हणू नका." इवाई नाही म्हणणाऱ्यातला नव्हताच. महिनाभरात तो इतका सुटला की चालताना पोट जमिनीला लागायचं, आणि एके दिवशी पंक्तीतून उठता न येणाऱ्या पाहुण्यासारखा तो अंगणात बसूनच राहिला. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी पोट दाबून बघितलं आणि विचारलं काय खाऊ घालता. काकूंनी अभिमानानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, याला आग्रह करू नका. गवत खाऊ द्या, नाहीतर मरेल."

आयुष्यभर आग्रह केलेल्या बाईला आग्रहानं पाहुणा मरतो हे ऐकून धक्का बसला. त्या दिवसापासून त्यांनी घरातला आग्रह बंद केला. मला सुद्धा वाढताना विचारू लागल्या, "पाहिजे का? नसन तं राहू दे." मी आठवडाभर अर्धपोटी राहिले.

या सगळ्यावर एका माणसाचा कायमचा आक्षेप होता. मोतीरामकाका, काकूंचे यजमान. वीज खात्यात लाइनमन म्हणून उमेदीची सगळी वर्षं खांबावर गेलेली. नागपूरकडच्या मे महिन्याच्या दुपारी, लोखंडाला हात लागला तर फोड येईल अशा उन्हात, ते वर चढून दुसऱ्यांच्या घरचे कूलर सुरू करून देत. त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं की रिटायर झाल्यावर कूलरसमोर बसायचं आणि उठायचं नाही. पेन्शनीत आल्यावर त्यांनी मोठा लोखंडी कूलर घेतला. होळी झाली की त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंप धुवायचा, पंख्याला तेल द्यायचं, हे सगळं ते देवघर आवरावं तसं मन लावून करत. दुपारी त्यांचे दोन जुने लाइनमन जोडीदार, वामनराव आणि रहीमभाई, पत्ते खेळायला येत. तिघं बनियनवर, कूलरच्या तोंडाशी.

इवायाचं आणि काकांचं पहिल्या दिवसापासून बिनसलेलं. काका धोतरात असोत की पायजम्यात, तो त्यांच्यामागे लागायचाच. काका पळायचे. काकू ओट्यावरून ओरडायच्या, "अवो, हात पसरवा नं!" काका पळता पळता म्हणायचे, "खांबावर चढून जातो मी! हे तुह्ये माहेरचे लोक पाळ तूच!"

मी तिथे राहायला लागले त्याच्या तिसऱ्या वर्षी, होळीनंतर, ती गोष्ट घडली. विहीणबाई तेव्हा अंडी घालत होती, उबवायला अजून बसली नव्हती. खोपड्याच्या कोपऱ्यात धानाच्या तणसाचं, म्हणजे पेंढ्याचं, घरटं आणि त्यात पाच अंडी. आधीच्या दोन्ही वर्षी तिची अंडी उन्हाळ्यात वाया गेली होती, पिल्लू एकही झालं नव्हतं. लोक म्हणत, आपल्या उन्हात राजहंसाची अंडी उबत नाहीत, शिजतात. काकू म्हणायच्या, यंदा बघू.

एका सकाळी बदकं बोडीवर होती आणि इवाई टाक्यावर राही तसाच तिथेही काठावर उभा होता. बाहेरून भटक्या कुत्र्यांचं टोळकं आलं. आम्ही आवाज ऐकून धावलो तोवर बदकं सगळी पाण्याच्या मधोमध पोचली होती, एकालाही ओरखडा नव्हता. काठावर इवाई दोन्ही पंख पूर्ण पसरून उभा होता, कुत्र्यांकडे तोंड करून. काका काठी घेऊन तुटून पडले, कुत्रे पळाले. रक्तबंबाळ इवायानं काकूंच्या मांडीवर जीव सोडला.

काकू रडल्या नाहीत. बोडीच्या काठावरच त्याला पुरला. दुसऱ्या दिवशी लग्न ठरलेलं होतं, त्या गेल्या. संध्याकाळी टेंपोतून उतरल्या आणि मला म्हणाल्या, "भिवापूर, आज रोट्या फाटल्या वं." एवढंच. त्यांच्या हातातून रोटी फाटल्याचं मी ना कधी पाहिलं होतं, ना ऐकलं होतं. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं.

विहीणबाईनं घरटं सोडलं. ती बोडीच्या काठावर जाऊन उभी राहायची, दिवसभर, आणि खायची नाही. काकूंनी बंद केलेला आग्रह पुन्हा सुरू केला. कोवळं गवत खुडून तिच्या चोचीशी धरायच्या, "घे बाई. एक घास घे. इवायाच्या नावानं घे." ती मान फिरवायची. पांढरीशुभ्र विहीणबाई आठ-दहा दिवसांत मातकट झाली. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, जोडीदार गेला की यांचं असं होतं, काही उठतात, काही नाही.

त्या संध्याकाळी काकू घरट्याजवळ बसून ती थंड अंडी हातात घेऊन बघत होत्या. मला म्हणाल्या, "हे शेवटचे. यातून कोणी निघालं, तरच विहीणबाई खाईन. नाहीतं तेही गेली समज."

त्यांनी ती अंडी करवलीच्या पोटाखाली ठेवली. करवली म्हणजे लाल तोंडाची, काळ्या-पांढऱ्या पिसांची एक बदकी. कुठल्याही गडबडीत मधेमधे करायची म्हणून हे नाव. खुडूक झाली की ती दगडावरही बसे. वरपक्षाची एवढाली अंडी तिच्या पोटाखाली मावेनात, पण तिनं पंख फुगवले, सरकून सरकून जागा केली आणि बसली. जिला या वरपक्षानं आल्या आल्या टाक्याच्या काठावर ताटकळत ठेवलं, तीच आता त्यांची अंडी उबवत होती.

मग वैशाखातलं ऊन पेटलं. खोपड्याच्या पत्र्याला हात लावता येईना. काकू ताटीवर ओलं पोतं टाकत, अंड्यांवर पाणी शिंपडत. पण लग्नसराई ऐन भरात होती, दिवसाआड त्यांना जावं लागे. जाताना काकांना बजावत, "पाणी शिंपडजा." काका कूलरसमोरून म्हणत, "हाव, हाव."

एक दुपार मला स्वच्छ आठवते. सकाळची शाळा करून आले होते. अंगणात काहीतरी घासत नेल्याचा आवाज आला म्हणून बाहेर डोकावले, तर भर उन्हात काका एकटे तो लोखंडी कूलर ढकलत खोपड्याकडे निघाले होते. बनियन घामानं चिकटलेलं, मागे वायरची लांब शेपटी.

"काका! हे काय करून राहिले?"

"गप बस. तिले सांगू नको." मग कूलरला टेकून त्यांनी दम घेतला. "त्या इवायानं मले तीन वर्षं धावडवलं. पण त्या दिवशी मरेपर्यंत उभा राहिला, पळाला नाही. मी खांबावर काम केलं बाई. पळाची जागा असून न पळणं काय असते, ते मले माहीत आहे."

त्यांनी कूलर खोपड्याच्या खिडकीला लावला आणि मानाच्या पाहुण्याला देतात तसं त्याचं तोंड थेट करवलीकडे केलं. करवलीची पिसं उलटी झाली, पण ती उठली नाही.

संध्याकाळी काकू आल्या. खोपड्यातून कूलरचा आवाज ऐकून तिकडे गेल्या. मग फक्त कूलरच्या तोंडाच्या पट्ट्या आतल्या भिंतीकडे वळवल्या, म्हणजे वारा अंगावर न येता खोपडं थंड राहील. घरात येऊन त्यांनी कणीक भिजवली. दिवसभर मटक्यासमोर बसून आलेली बाई घरी लांब रोटी कधीच करत नसे. घरी फुलके, हा नियम. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या बायकोची लांब रोटी खायला काकांना दुसऱ्याच्या लग्नाला जावं लागे. त्या दिवशी काकूंनी अंगणात चूल पेटवली, मटकं पालथं घातलं, हातावरून झुलवून एक रोटी केली आणि काकांच्या ताटात घडी घालून ठेवली.

"खा," म्हणाल्या. "आज तुम्ही वरपक्ष."

काका घामेजल्या चेहऱ्यानं लाजले. इतक्या वयाचा माणूस लाजताना किती सुंदर दिसतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून पत्त्यांचा डाव खोपड्यात बसू लागला. वामनराव आणि रहीमभाई आधी घरात डोकावले, कूलरची रिकामी जागा बघून हबकले, मग वायरच्या मागोमाग खोपड्यात पोचले. तणसावर सतरंजी टाकून तिघं पत्ते पिसत, ताटीपलीकडे करवली. जरा आवाज चढला की ती फुत्कारे आणि तिघं एकदम हळू बोलत. रहीमभाई पान टाकायच्या आधी तिला विचारायचे, "काय करवलीबाई, हुकूम टाकू का?"

अंड्यांना तडा जायला लागला त्या दुपारी वीज गेली. नेमकी त्याच दुपारी. काकू घरी होत्या, मुहूर्त नव्हता म्हणून. अंड्याला बारीकसं भोक पडलेलं, आतून चिवचिव ऐकू येत होती आणि खोपडं भट्टीसारखं तापू लागलं. कवचाच्या आतला पापुद्रा वाळला की पिल्लू आतच अडकून मरतं, हे काकूंना ठाऊक होतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. काकांनी ऑफिसला फोन लावला. पलीकडचा पोरगा म्हणाला, काम चालू आहे. काका म्हणाले, "माह्यं आयुष्य गेलं हेच सांगण्यात," आणि फोन खाली ठेवला.

"साडी आणा," काकू म्हणाल्या. त्यांची जुनी सुती साडी ओली करून आम्ही खोपड्याच्या दाराला टांगली. वामनरावांनी कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून तीन तुकडे केले आणि तीन रिटायर लाइनमन उकिडवे बसून त्या ओल्या साडीवर वारा घालू लागले. मी बादल्या आणत होते. काकू हात ओले करून अंड्यांवर थेंब सोडत होत्या. घामानं सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. मधेच रहीमभाई म्हणाले, "वहिनी, वारा बराबर येऊन राहिला ना?"

काकूंनी वळून बघितलं. तीन म्हातारे, हातात पुठ्ठे, तोंडावर चिंता. आणि इवाई गेल्यापासून पहिल्यांदाच त्या खदखदून हसल्या. "अवो बाप्पा! इतका वारा तं नवरदेवाच्या बापालेही कोणी घातला नाही!"

ऊन कलताना वीज आली. तोवर एक पिल्लू बाहेर पडलं होतं, ओलं, पिवळसर, करवलीच्या पंखातून मान काढून बघणारं. सकाळपर्यंत तीन झाली. दोन अंड्यांतून काही निघालं नाही. काकांनी ती इवायाजवळ पुरली.

आता खरी परीक्षा होती. पिल्लांना घेऊन करवली अंगणात आली तेव्हा विहीणबाई बोडीवरून परतत होती, पाय ओढत. चिवचिव ऐकून ती थबकली. मग मान ताठ झाली. मग ती मान जमिनीलगत लांब करून सरळ करवलीकडे निघाली. फुसफुस नव्हती, पण धाव तीच. करवलीनं पिल्लं पोटाखाली घेतली. मी म्हटलं, "काकू, मधे जा ना!"

"थांब," काकू म्हणाल्या. त्यांनी हात पसरले होते, पण जागच्या हलल्या नाहीत.

विहीणबाई करवलीच्या अगदी जवळ येऊन थांबली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तेवढ्यात एक आगाऊ पिल्लू करवलीच्या पोटाखालून निसटून विहीणबाईच्या पायाशी आलं. तिनं मान वाकवून चोचीनं त्याला हुंगल्यासारखं केलं आणि घशातल्या घशात काहीतरी बोलली. तो आवाज मी तीन वर्षांत ऐकला नव्हता. मग ती बाजूच्या गवतापाशी गेली, एक पातं तोडलं आणि पिल्लासमोर टाकलं. पिल्लानं बघितलं, खाल्लं नाही. तिनं दुसरं तोडलं. तेही टाकलं. पिल्लू करवलीकडे बघू लागलं. तेव्हा तिनं तिसरं पातं तोडलं, त्याच्यासमोर धरलं आणि ते घेईना म्हणून कसं खायचं हे दाखवायला स्वतः गिळलं. मग चौथं. मग पाचवं.

"खाल्लं," काका कुजबुजले. "विमल, ते खाऊन राहिली."

काकूंनी पसरलेले हात तोंडावर घेतले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या हसत होत्या. "बघा नं," त्या म्हणाल्या, "डॉक्टरले फोन लावा कोणी. म्हणा, आमची विहीणबाई आग्रह करून राहिली!"

पुढे त्या घराची एक नवीच रीत पडली. दिवसभर पिल्लं विहीणबाईमागे गवतात, कारण करवलीला गवताचं काही समजत नव्हतं. ऊब घ्यायला मात्र करवलीच्या पोटाखाली, आणि पिल्लं मोठी झाली, तिच्याएवढी झाली, तरी डोकं तरी तिच्या पंखात खुपसायचीच. ताटी काकूंनी काढून टाकली.

त्या दिवाळीनंतर माझी बदली भिवापूरला झाली. निघायच्या दिवशी काकूंनी मला जेवायला बसवलं आणि लांब रोटी वाढली. मी पुरे म्हटलं तर दुसरी टाकली. "डॉक्टर काय म्हणाले होते?" मी विचारलं. "ते राजहंसासाठी होतं," त्या म्हणाल्या, "तू जाऊन राहिली." तिसरी रोटी मी कशी संपवली, ते मलाच माहीत.

माझा ऑटो फाटकाशी उभा होता. ऑटोवाला नवीन होता. अंगणातून बोडीकडे निघालेला घोळका बघून त्याला गंमत वाटली. पुढे विहीणबाई, मागे बदकं, त्यांच्यात मिसळून तीन तरणे राजहंस आणि सगळ्यांच्या मागे हात पसरून काकू. काका कूलर पुसत ओट्यावर बसले होते, थंडीतसुद्धा. त्या तिघांपैकी एक मान लांब करून काकांकडे वळलाच, तसे काका उठले. पण यावेळी पळाले नाहीत. त्यांनी फडकं टाकून दोन्ही हात पसरले.

ऑटोवाल्यानं हसत ओरडून विचारलं, "काकू, हे मधले मोठे कोणाकडचे? राजहंसाचे का बदकाचे?"

काकू न थांबता, न वळता म्हणाल्या, "एका पंगतीत जेवले नं गा? मग आमच्याकडचे."